गाड्या मोजल्या, माणसे राहिली

सोलापूरहून तुळजापूरकडे येताना तामलवाडीचा टोलनाका लागतो. हैदराबाद महामार्गावर फुलवाडी आणि तलमोड, बीडच्या दिशेला येडशी आणि पारगाव. धाराशिव जिल्ह्यात महामार्गाने येणारे चारचाकी वाहन बहुतेक वेळा यांपैकी एखाद्या नाक्यावर क्षणभर थांबतेच. २५ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशभरातील राष्ट्रीय महामार्गांवरची टोलवसुली केंद्र सरकारने थांबवली आणि ती २० एप्रिलला पुन्हा सुरू झाली. औषधे, दूध, भाजीपाला, धान्य यांच्या गाड्या अडू नयेत, हा हेतू योग्यच होता. पण पावती फाडणे थांबले तशी आणखी एक गोष्ट कोणाच्या फारसे लक्षात न येता थांबली. पावतीमागे आपोआप होणारी वाहनांची मोजणी बंद झाली. साथीच्या काळात रस्त्यावर कोण आहे हे कळण्याची सर्वाधिक गरज होती, नेमक्या त्याच पंचवीसेक दिवसांत.

रस्ते ओस पडले हे सर्वांनी पाहिले. ‘वाहतूक जवळपास शून्यावर आली’ हे वाक्य तेव्हा यशाची पावती म्हणून सांगितले जात होते. वाहतूक घटली म्हणजे संसर्ग घटला, असे सरळ समीकरण त्यामागे होते. ते पूर्ण चुकीचे नाही, पण अर्धवट आहे, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात या अर्धवटपणाची किंमत मोठी असते.

आधी रस्त्यावरची वाहने मोजतात कशी, ते पाहू. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था रस्तेबांधणीचे निकष ठरवते. रस्ता किती रुंद हवा हे ठरवण्यासाठी सगळी वाहने एका मापात आणावी लागतात. हे माप म्हणजे ‘पॅसेंजर कार युनिट’, म्हणजे एका मोटारीइतकी जागा. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या निकषांत दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, ट्रक किंवा एसटी बस म्हणजे तीन मोटारी, ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणजे साडेचार आणि मोठी बैलगाडी म्हणजे चक्क आठ मोटारी. बैलगाडी हळू चालते, मागच्या सगळ्यांना अडवते, म्हणून तिचे वजन एवढे. अभियंत्याच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे.

रोगाचा हिशेब वेगळा असतो. श्वासातून पसरणाऱ्या विषाणूला रस्त्याची रुंदी कळत नाही. बंद जागेत किती माणसे, किती वेळ, एकमेकांच्या किती जवळ बसली आणि ती कुठून कुठे गेली, एवढेच त्याच्या उपयोगाचे. काचा लावून पुण्याहून रात्रभर येणारी ट्रॅव्हल्सची गाडी अभियंत्याच्या तक्त्यात तीन मोटारींची, तर वैरण घेऊन शेतातून गोठ्याकडे निघालेली बैलगाडी आठ मोटारींची. साथरोगाच्या तक्त्यात बैलगाडीची किंमत शून्याच्या जवळ आणि त्या ट्रॅव्हल्सची कदाचित शंभराच्या घरात जाईल. टाळेबंदीत बैलगाड्या चालू राहिल्या आणि ट्रॅव्हल्स बंद झाल्या, तर रस्त्यावरची ‘वाहतूक’ जितकी घटलेली दिसेल त्याहून धोका अधिक घटलेला असेल. ट्रॅव्हल्स बंद आणि एकेका जीपमध्ये पंधरा-पंधरा माणसे, असे झाले तर आकडा घसरलेला दिसेल आणि धोका वाढलेला असेल. एकाच घसरत्या रेघेत या दोन्ही गोष्टी लपू शकतात.

ही रेघ सुरुवातीपासून घसरतही नाही. साथीची बातमी फुटली की वाहतूक आधी वाढते. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये मुंबईतून लाखो लोक बाहेर पडले. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि काही दिवसांत लाखो माणसे रेल्वे, बस, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. त्यात महाराष्ट्रातले कामगार मोठ्या संख्येने होते. त्याच्या थोडेच आधी धाराशिवच्या शेजारी, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले होते. मार्च २०२० मध्येही असेच झाले. २२ तारखेचा जनता कर्फ्यू, २३ ला राज्यातील जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्याचा निर्णय आणि २४ च्या मध्यरात्रीपासून देशव्यापी टाळेबंदी. त्याआधीच्या तीन-चार दिवसांत पुणे-मुंबईहून मराठवाड्याकडे येणारे रस्ते भरून वाहत होते. महिन्याची सरासरी काढली तर हे दिवस त्यात विरघळून जातात. रोगाच्या दृष्टीने मात्र त्या महिन्यातले तेच दिवस मोलाचे. कोणत्या गावात किती माणसे आली याची नोंद तेव्हा ग्रामसेवक, आशा कार्यकर्त्या आणि पोलीस पाटील यांनी वहीत केली. रोगनियंत्रणात त्या वह्या कोणत्याही टोलनाक्यापेक्षा उपयोगाच्या ठरल्या असतील, तर नवल नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला उमरगा आणि लोहारा तालुक्यांत मिळून तीन रुग्ण आढळले. ते बरे झाले. ३० एप्रिलला केंद्राने जिल्ह्यांची रंगवार यादी काढली, तेव्हा महाराष्ट्रातले फक्त सहा जिल्हे हिरवे होते आणि तेव्हाचा उस्मानाबाद त्यांतला एक. शेजारचा सोलापूर लाल, लातूर आणि बीड नारिंगी. तुळजापूरपासून सोलापूर अवघे ४५ किलोमीटर. नकाशावर रंग वेगळे, पण जगणे वेगळे नव्हते. परंडा, भूम, कळंबच्या माणसाचा दवाखाना आणि बाजार पुष्कळदा बार्शीत असतो, आणि बार्शी सोलापूर जिल्ह्यात आहे. उमरग्याचा माणूस कामासाठी कर्नाटकात जातो. गंभीर रुग्णाला सोलापूर, लातूर नाहीतर अंबाजोगाई गाठावी लागे, कारण तेव्हा जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. जिल्ह्याची सीमा ही महसुलाची रेषा आहे. रोजच्या ये-जा करण्याची रेषा तिच्या आरपार जाते. गावोगावी लोकांनी बाभळीच्या फांद्या टाकून, कुठे चर खणून रस्ते अडवले. भीती खरी होती, पण अडले ते मुख्यतः शेजारच्या गावचे लोक आणि रुग्णवाहिका.

मे महिन्यात परगावी अडकलेल्यांना परवाने मिळू लागले, मुंबई-पुण्याहून माणसे परतली आणि जिल्ह्यात पुन्हा रुग्ण सापडू लागले. हिरवा रंग काही दिवसच टिकला. यात परतणाऱ्यांचा दोष काढण्यासारखे काही नाही. काम बंद, भाडे चालू आणि गावी घर, अशा स्थितीत कोणीही हेच केले असते. मुद्दा एवढाच, की त्या आठवड्यांतही जिल्ह्यातली एकूण वाहतूक नेहमीच्या मानाने फारच कमी होती. आकडा तळाला होता आणि तरी रोग आत आला, कारण त्या थोड्या गाड्या अशा शहरांतून येत होत्या जिथे संसर्ग सर्वाधिक होता.

शास्त्रज्ञांनाही हे पुढे आकडेवारीत दिसले. वुहानमधून कोणत्या शहरात किती माणसे गेली, यावरून सुरुवातीच्या काळात चीनमधल्या रुग्णांचा नकाशा बऱ्यापैकी सांगता येत होता. मार्च २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात हा संबंध ठळक दिसतो, आणि नियंत्रणाचे उपाय लागू झाल्यावर तो विरत गेल्याचेही दिसते. त्याच नियतकालिकातील दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. २३ जानेवारीला वुहानच्या वेशी बंद झाल्या, त्यामुळे चीनच्या इतर भागांतली साथ फक्त तीन ते पाच दिवस लांबली. एवढे कडेकोट शहर बंद करून हाती आले तीन ते पाच दिवस. कारण वेशी बंद होण्याआधीच रोग बाहेर पडला होता.

याचे गणित साधे आहे. जिल्ह्यात दोन रुग्ण असताना बाहेरून पाच आले तर साथ जवळजवळ पूर्णपणे त्या पाचांवर अवलंबून असते. जिल्ह्यात दोन हजार रुग्ण असताना बाहेरून पाच आले तर त्यांनी काही फरक पडत नाही. तेव्हा लग्न, अंत्यविधी, बाजार, एका खोलीत राहणारे कुटुंब यांच्यावर सगळे ठरते. म्हणजे रस्त्यावर पहारा ठेवण्याची वेळ साथीच्या पहिल्या टप्प्यात असते. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट शिखराकडे जात असताना राज्यात जिल्ह्याबाहेरच्या प्रवासावर पुन्हा कडक निर्बंध आले. तोवर विषाणू प्रत्येक तालुक्यात होता. नाक्यावर उभे असलेले पोलीस, शिक्षक, तलाठी यांचे ते मनुष्यबळ तेव्हा गावातल्या विलगीकरणासाठी वापरले असते तर अधिक हाती लागले असते.

मोबाइलच्या स्थानावरून लोकांची हालचाल मोजण्याचा प्रयोग याच काळात जगभर झाला. गुगलने एप्रिल २०२० पासून ऑक्टोबर २०२२ पर्यंत असे अहवाल प्रसिद्ध केले. ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हा पाया धरून दुकाने, कामाची ठिकाणे, बसस्थानके इथली वर्दळ किती टक्क्यांनी बदलली, हे त्यात असे. अमेरिकेत पहिल्या काही आठवड्यांत ही वर्दळ आणि रुग्णवाढ हातात हात घालून चालली, पण नंतर तो संबंध तुटला. लोक मुखपट्टी वापरू लागले, अंतर ठेवू लागले आणि तेवढ्याच हालचालीत संसर्ग कमी होऊ लागला. आपल्याकडची अडचण आणखी मूलभूत. ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि त्यात स्थाननोंद चालू, तोच या अहवालात मोजला जातो. आणि जानेवारी-फेब्रुवारी हा पाया धाराशिवसाठी सोयीचा नाही, कारण त्या काळात वाशी, भूम, कळंब भागातली ऊसतोड मजुरांची कितीतरी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या फडांवर असतात. म्हणजे गाव निम्मे रिकामे असतानाची वर्दळ ‘नेहमीची’ म्हणून धरली गेली.

या मजुरांची हालचाल नीट पाहण्यासारखी आहे. दिवाळीच्या आसपास ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांतून टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपले की परततात. २०२० मध्ये परतीची वेळ आणि टाळेबंदी एकाच वेळी आली. राज्यातील एक लाखाहून अधिक मजूर साखर कारखान्यांच्या परिसरात अडकले. १७ एप्रिलला त्यांना तपासणी करून गावी जाऊ देण्याचा निर्णय झाला. ही वाहतूक खरे तर आदर्श म्हणावी अशी होती. कोण, कोणत्या कारखान्यावरून, कोणत्या गावी, केव्हा निघाले हे सगळे आधीच माहीत होते, आणि निघण्यापूर्वी तपासणीही ठरलेली होती. टाळेबंदीच्या भर काळात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा दिसल्या, तरी ती जिल्ह्यातली सर्वांत कमी धोक्याची गर्दी असू शकते, कारण ती ओळखीची होती. तिच्या तुलनेत रात्री आडवाटेने गुपचूप येणारी एकटी मोटार अधिक काळजीची.

रोग बदलला की मोजायचे वाहनही बदलते. २०२२ मध्ये गुरांना लम्पी त्वचारोग झाला तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद करण्यात आली. तिथे मोटारी मोजून काही कळले नसते. बैल-गायी घेऊन जाणारे पिकअप तेवढे महत्त्वाचे होते, आणि त्या रोगात गोचीड, माश्या, डास हेही वाहक असल्याने पिकअप थांबवूनही काम पुरे होत नव्हते. डेंगी किंवा दूषित पाण्यातून येणाऱ्या गॅस्ट्रोच्या साथीत तर गावच्या वेशीवर काट्या टाकणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

आता रिकाम्या रस्त्याची दुसरी बाजू. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ३२,९२५ रस्ते अपघात झाले आणि १२,७८८ माणसे दगावली. २०२० मध्ये अपघात २४,९७१ वर आले, म्हणजे सुमारे २४ टक्के घट. मृत्यू मात्र ११,५६९ झाले, घट जेमतेम साडेनऊ टक्के. शंभर अपघातांमागे आधी ३९ च्या आसपास मृत्यू होत होते, ते ४६ झाले. २०२१ मध्ये अपघात २९,४७७, म्हणजे २०१९ पेक्षा कमीच, पण मृत्यू १३,५२८, म्हणजे २०१९ पेक्षा जास्त. किरकोळ अपघातांची नोंद साथीत कमी झाली असेल, हे धरूनही मृत्यूंचा आकडा बोलका आहे. मृत्यू लपत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे साधे सूत्र असे, की सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. मोकळा चौपदरी महामार्ग, पोलीस बंदोबस्ताला, रुग्णालये साथीत गुंतलेली, अशा वेळी वेग वाढला तर काय होते, त्याचे हे उत्तर आहे. वाहतूक घटल्याने किती संसर्ग टळला हे सांगणाऱ्या अहवालात हा आकडाही शेजारी मांडला जायला हवा.

अपघाताबाहेरचेही नुकसान आहे, ते सहज दिसत नाही. साथीपूर्वी एसटीतून राज्यात रोज सुमारे ६५ लाख लोक प्रवास करत. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी मार्चमध्ये थांबली ती २० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली. त्या बसमध्ये केवळ सहलीला निघालेले लोक नसतात. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा सोलापूरला जाणारा, कर्करोगाच्या उपचारासाठी बार्शी गाठणारी, तपासणीसाठी तालुक्याच्या रुग्णालयात निघालेली गरोदर बाई, क्षयरोगाची तपासणी करून घ्यायला निघालेला खोकणारा मजूर, हे सगळे त्याच बसने जातात. भारतात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. सहा लाख लोकांचा क्षयरोग एका वर्षात नाहीसा झाला नाही. ते तपासणीपर्यंत पोहोचले नाहीत. यामागे कारणे अनेक आहेत, बंद पडलेली बस हे त्यातले एक. क्षयरोगाचे निदान न झालेला माणूस घरातल्यांना संसर्ग देत राहतो, तेव्हा एका साथीसाठी ओस पाडलेला रस्ता दुसरी साथ घरात कोंडून ठेवतो.

एसटी बंद राहिल्याने रस्त्यावरचे मिश्रणही बदलले. ज्याला शक्य होते त्याने जुनी का होईना दुचाकी घेतली. ज्याला नव्हते तो काळी-पिवळीत दाटीवाटीने बसला. तक्त्यात दुचाकी अर्धी मोटार आणि एसटी तीन. पन्नास माणसांची एक एसटी बंद होऊन पंचवीस दुचाकी रस्त्यावर आल्या तर तीनच्या जागी साडेबारा मोटारींची वाहतूक दिसेल. माणसे तेवढीच. संसर्गाचा धोका कमी, अपघाताचा कितीतरी अधिक. ‘वाहतूक पूर्ववत झाली’ असे म्हणताना हा बदल लक्षात कोण घेणार?

तेव्हा पुढच्या साथीआधी जिल्ह्याने काय करावे? वाहने आजही मोजली जातात, फक्त ती आरोग्य विभागाच्या कामी येत नाहीत. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. टोल माफ करण्याची वेळ आली तरी टॅग वाचणारे यंत्र बंद करण्याचे कारण नाही. पैसे घेऊ नयेत, मोजणी चालू ठेवावी. एसटीच्या तिकीट यंत्रात प्रवासी कुठे बसला आणि कुठपर्यंतचे तिकीट काढले, हे रोज नोंदले जाते. पुण्याहून कळंब आगारात आठवड्याला किती माणसे उतरतात, हे महामंडळाला सांगता येते. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाखाली ताप, जुलाब, खोकल्याचे अहवाल नियमित जमा होतातच. या तिघांचे आकडे आठवड्यातून एकदा एका कागदावर आले, तर कोणत्या तालुक्यावर आधी लक्ष द्यायचे याचा अंदाज बांधता येईल.

करोनाकाळात पोलिसांचा ई-पास होता, तो म्हणजे खरे तर अशी माहिती गोळा करण्याची मोठी संधी होती. कुठून, कुठे, किती जण, कशासाठी, हे सगळे अर्जातच होते. त्याकडे प्रामुख्याने परवाना म्हणून पाहिले गेले आणि लोकांनीही त्याला अडथळा मानले. २ सप्टेंबर २०२० पासून तो रद्द झाला. लोक नाराज होते ते समजण्यासारखे आहे, कारण माहिती द्यायची आणि वर परवानगीसाठी ताटकळायचे, असा तो व्यवहार होता. माहिती घ्या, पण वाट अडवू नका, असा ई-पास लोकांनी खळखळ न करता भरला असता. यात पाळत ठेवण्याची भीती आहे आणि ती रास्त आहे. म्हणून गाडीचा क्रमांक, मोबाइल, नाव यांपैकी काहीही या कागदावर येऊ नये. आरोग्य विभागाला माणूस कोण हे नको असते, किती आणि कुठून एवढेच हवे असते. ही अट लेखी आदेशात आधीच घातलेली बरी, कारण साथ सुरू झाल्यावर अशा गोष्टींवर चर्चा करायला कोणाला सवड नसते.

सरावासाठी साथीची वाट पाहायला नको. नवरात्रापासून कोजागरी पौर्णिमेपर्यंत तुळजापुरात दर वर्षी लाखो भाविक येतात, चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. जादा बस सोडल्या जातात, वाहनतळ आखले जातात, कोजागरीला सोलापूर मार्गावरची वाहतूक वळवली जाते, म्हणजे गर्दीची माहिती प्रशासनाकडे असतेच. २०२० मध्ये या यात्रा भाविकांविना गेल्या आणि मंदिराचे दरवाजे भाविकांसाठी १६ नोव्हेंबरला उघडले. आता त्या पुन्हा भरतात, तेव्हा कोणत्या जिल्ह्यातून, कर्नाटकातल्या कोणत्या भागातून किती माणसे आली, याचा तक्ता एकदा करून पाहायला हरकत नाही. फक्त त्यात एक रकाना नव्याने आखावा लागेल. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत जे लोक रात्रभर चालत येतात, आणि मे २०२० मध्ये जे हैदराबाद महामार्गाच्या कडेने डोक्यावर बोचकी घेऊन चालत गेले, त्यांना मोटारींच्या मापात किंमतच ठरवलेली नाही.